पनीर म्हणून मागवलं, पनीरच आलं का?

मीनल_सातारा:
मागच्या आठवड्यात भाच्याची मुंज होती. ताटाचा दर ठरवताना पनीरची भाजी हवी म्हणून केटररने माणशी जास्तीचे पैसे लावले, आम्ही दिले. जेवणं झाल्यावर मागच्या बाजूला ताटं ठेवायला गेले, तर भांडी घासायच्या जागेशी रिकामी खोकी पडलेली. एकावर बारीक अक्षरात ‘अ‍ॅनालॉग’, म्हणजे पनीरसारखी दिसणारी नक्कल, आणि खाली घटकांमध्ये दूध पावडर आणि पाम तेल. केटररला विचारलं, तर म्हणाला, "ताई, सगळीकडे हेच चालतं. कुणाचं पोट बिघडलं का?"

पोट नाही बिघडलं. पण मी पैसे पनीरचे मोजले होते. अ‍ॅनालॉग विकायला कायद्याने बंदी नाही, हे मला माहीत आहे. पाकिटावर तसं स्पष्ट छापलं की झालं. पण ते पाकीट फाटतं स्वयंपाकघरात, आणि ताटात येईपर्यंत आतल्या वस्तूचं पनीर झालेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे: हॉटेल असो, केटरर असो की गाडी, अ‍ॅनालॉग वापरत असाल तर मेनूवर ठळक लिहा. नाही लिहिलं तर दंड.

खानावळवाले_नाना:
मीनलताई, तुमच्या केटररचं चुकलंच, पैसे पनीरचे घेतले होते त्याने. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. 22 वर्षं खानावळ चालवतोय. आमच्याकडे जेवतात ती कॉलेजची पोरं आणि एमआयडीसीतले कामगार. चांगलं पनीर मला किलोला 380 ला पडतं, हे दुसरं 210 ला. खरं वापरलं तर ताटामागे 20 रुपये वाढवावे लागतील, आणि तेवढे त्या पोरांच्या खिशात नसतात.

मी फळ्यावर ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलं आणि शेजारच्याने नाही लिहिलं, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार. खरं बोलणारा बुडणार. तपासणीला अधिकारी आला तर तो माझ्याकडे येतो, कारण मी हमरस्त्यावर आहे. रात्री शेडमध्ये बिनलेबलचे पाच-पाच किलोचे ठोकळे पाडणारा कुणाला सापडत नाही. आधी त्याला धरा.

गोठा_बारामती:
नाना, तुमच्या 210 रुपयांत माझी म्हैस कुठे बसते ते सांगा. पाच लिटर म्हशीच्या दुधातून जेमतेम किलोभर पनीर निघतं. दुधाचेच पैसे धरा, हिशेब तिथेच संपतो. पावडर आणि तेलाशी आम्ही स्पर्धा करायची तरी कशी?

दुसरी गोष्ट फार लागते. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं. एक पॉइंट खाली आला की पैसे कापतात, आणि आम्ही मुकाट्याने ऐकतो. मग ज्यात दुधाचा फॅटच नाही त्याला पनीर म्हणून खपवणाऱ्याचे पैसे कोण कापणार? मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीर घेऊन थेट विधानसभेत गेले, तेव्हा आमच्या गावात पारावर दुसरा विषय नव्हता.

प्रयोगशाळेतली:
तुम्हा दोघांचंही मला पटतं. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. खाण्यास असुरक्षित अन्न वेगळं आणि एका नावाखाली दुसरी वस्तू विकणं वेगळं.

2011 मध्ये एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, दूध सर्वेक्षणात 1,791 पैकी 68.4 टक्के नमुने निकषांत बसले नाहीत. लगेच बोंब झाली की देशाचं दूध विषारी. खरं तर त्यात मोठा भाग पाणी घातलेल्या, फॅट-एसएनएफ कमी भरलेल्या दुधाचा होता. 2018 च्या सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी भेसळीचे निघाले 12. पण 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि ते बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, पेंडीतून येतं. गोठेवाले दादा, यावर गावात कुणी बोलत नाही.

आणि मोबाइलवर फिरणारी ती आयोडीनची चाचणी. पनीर निळं पडलं तर त्यात स्टार्च आहे, इतकंच कळतं. पाम तेल त्यात दिसत नाही. निळं पडलं नाही म्हणून शुद्ध समजून लोक निश्चिंत होतात, याची मला जास्त काळजी वाटते.

गोठा_बारामती:
चाऱ्याचं मान्य. पावसात भिजलेली पेंड आम्ही फेकत नाही, हे खरं आहे. फेकायला परवडत नाही.

वकील_सोलापूर:
नाना, तुमच्या भीतीबद्दल थोडं. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. त्यातलं कलम 50 नेमकं यासाठीच आहे: ग्राहकाने मागितलेल्या प्रकारची वस्तू दिली नाही तर पाच लाखांपर्यंत दंड. पण नोंदणीवर चालणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला तो 25,000 पर्यंतच. म्हणजे कायद्याने लहान-मोठा फरक केलेला आहे.

घाईने नाव बदनाम करण्याच्या मी विरोधात आहे. 2015 च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, कारण कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नव्हतं आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती. त्यात ग्राहकाला काय मिळालं? आधी भीती, मग संभ्रम.

मीनलताई, कलम 40 नुसार तुम्ही स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकता. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं.

मीनल_सातारा:
वकीलसाहेब, ते कलम मीही वाचलं. खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं, की मी हे तपासायला नेणार आहे. मुंजीच्या मांडवात, 200 पाहुणे जेवत असताना, आचाऱ्याला हे कोण सांगणार? आणि सांगितल्यावर तो मला कुठल्या डब्यातलं काढून देईल? सामान्य बाईने शुल्क भरून भांडत बसायचं, आणि पुसट अक्षरं छापणाऱ्याला काहीच त्रास नाही, हे मला मान्य नाही.

खानावळवाले_नाना:
ताई, चिडू नका. उद्या आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या अकरा हॉटेलांना एकाच दिवशी पाट्या लावायला सांगितल्या, तर पहिली पाटी माझी असेल. एकट्याने लावायची माझी हिंमत नाही.

मीनल_सातारा:
बाकी दहांपैकी तुमच्या ओळखीचे किती, नाना? दोघंतिघं तयार झाले तरी मला कळवा. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज घेऊन मी येते तुमच्याबरोबर.