शेजारच्या गोठ्यात लम्पी आलाय, आता लस द्यावी का?

गोठा_नेवासा:
राम राम मंडळी. शेजारच्या वस्तीवर दोन गाईंना लम्पी निघालाय, अंगभर गाठी, पुढचे पाय सुजलेत, चारा बंद. बांधाला बांध आहे आमचा. माझ्याकडे पाच एचएफ (होल्स्टीन) गाई, एक खिलार बैल आणि दोन वासरं, एक तीन महिन्याचं आणि एक सव्वा महिन्याचं. गेल्या वर्षी मोठ्यांना लस दिलेली, यंदा राहून गेली म्हणजे खरं सांगायचं तर मीच टाळली, मागच्या वेळी चार दिवस दूध कमी झालेलं म्हणून. आता गावात म्हणतायत रोग आल्यावर लस दिली तर उलट गाठी येतात. काय करू? आणि घरी लहान पोरं आहेत, दूध प्यायला चालेल ना?

केळीवाला_रावेर:
दादा २०२२ ची लाट राज्यात आमच्याच तालुक्यातून सुरू झाली, ऑगस्ट महिना होता. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, गाठी बघून लोक म्हणायचे देवी आली. माझ्या गाईला ताप आला आणि मी तीन दिवस कुणाला बोललो नाही, डेअरीवाला दूध घेणार नाही ही भीती. त्या तीन दिवसात मीच चार गोठे फिरून आलो तेच बूट घालून, भावाची दावण पण सारवली. गाय वाचली, भावाची कालवड गेली. अजून आमच्यात त्यावर बोलणं नाही. तुमच्या शेजाऱ्यानं निदान सांगितलं तरी, त्याला शिव्या घालू नका.

गुरांचा_डॉक्टर:
निवृत्त पशुवैद्यक आहे, म्हणून जरा लांबण लावतो. लस द्या, आजच. लम्पीला आपण वापरतो ती शेळ्यांच्या देवीची लस, उत्तरकाशी स्ट्रेनची, १ मिली कातडीखाली. बाधित गावापासून ५ किमीच्या घेरातली निरोगी जनावरं टोचायची हीच २०२२ ची पद्धत होती. गाठी येतात म्हणतात त्याचं कारण वेगळंय. विषाणू अंगात गेल्यापासून लक्षणं दिसायला ४ ते १४ दिवस जातात, कधी महिनाही. आणि लसीची ताकद यायला तीन आठवडे. म्हणजे ज्या गाईत रोग आधीच शिरलाय तिला टोचलं की आठवड्यात गाठी दिसतात आणि नाव लसीचं खराब होतं. आजारी किंवा ताप असलेल्याला मात्र टोचू नका, आधी थर्मामीटर लावा. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई!! एकाच सुईनं अख्खी दावण टोचणारे मी पाहिलेत, तो लसीकरणाचा नाही रोगाचाच कार्यक्रम असतो. वासरांना साधारण चार महिन्यांनंतर, तोवर त्यांना जपा, मरतुक त्यांच्यातच जास्त. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून बिनधास्त प्या.

देशी_नुस्खे:
लसबिस ठीक आहे पण विड्याची १० पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ वाटून गुळातून द्या, आमच्या तीन गाई यानेच बऱ्या झाल्या.

केळीवाला_रावेर:
अहो बहुतेक गाई तशाही बऱ्या होतात. पान-मिरी द्या, कोण नको म्हणतंय, पण तेवढ्यावर भागवलं आणि गाठ फुटून अळ्या पडल्या की मग धावपळ होते.

गुरांचा_डॉक्टर:
बरोबर. विषाणूवर औषध नाहीच, ताप, सूज आणि जखमेचा दुय्यम संसर्ग एवढंच आपण सांभाळतो. त्यापेक्षा माश्यांकडे बघा. चावऱ्या माश्या, डास, गोचीड हेच रोग नेतात, म्हणून बांधाला बांध असला की नुसतं येणं-जाणं तोडून भागत नाही. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या, मूत साचू देऊ नका, गोचिडाचं औषध लेबल वाचून मारा, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभराच्या वर टिकतो, तेव्हा शेजाऱ्याची गव्हाण-बादली मागू नका आणि नवीन जनावर तर बाजारातून मुळीच आणू नका. कानातल्या बिल्ल्याचे आकडे नीट आहेत ना बघा, २०२२ ला भरपाई (गाय ३० हजार, बैल २५, वासरू १६) निघाली तेव्हा बिल्ला नसलेल्यांचे पंचनामे अडले होते. १९६२ या नंबरवर फोन करा, जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते.

गोठा_नेवासा:
आज सकाळी टोचून घेतलं सगळ्या मोठ्यांना, सुया मीच आणून दिल्या मोजून. खिलार बैलानं टोचायला आलेल्या डॉक्टरांचा शर्ट फाडला. शेजाऱ्याकडे दारातूनच पेंडीचं पोतं ठेवून आलो, त्याची गाय अजून बसूनच आहे. वासरं वेगळी बांधलीत पण धाकटं रात्रभर हंबरतंय, त्याच्यावर घरची मच्छरदाणी टाकली तर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर:
चालेल, पण खांबांना उंच बांधा नाहीतर सकाळी खाल्लेली असेल.