आयईएलटीएस स्पीकिंग: सायकलच्या प्रश्नावर जास्त कसं बोलायचं?

केळीचं_पान:
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, नर्सिंग झालंय, पुढच्या महिन्यात आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, आहे. स्पीकिंगच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, पहिल्या भागात अडकतो. काल मित्राने सरावाला विचारलं, 'डू यू राइड अ बायसिकल?' मी 'येस, आय डू' म्हटलं आणि पुढे शब्दच येईनात. खरं तर दहावीपर्यंत जाऊन-येऊन रोज सहा किलोमीटर सायकल मारलीय. मराठीत विचारा, अर्धा तास सांगेन. क्लासमध्ये सायकल आणि पर्यावरणावर एक उत्तर पाठ करून घेतलंय. ते चालेल का?

जंक्शनवाली:
दादा, पाठ केलेलं नको. परीक्षकाला ते लगेच कळतं आणि तो पुढच्या प्रश्नावर जातो. पहिला भाग 4 ते 5 मिनिटांचा, त्यात दोन-तीन विषय. एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं भरपूर झाली. आधी सरळ उत्तर, मग कारण, मग फक्त तुम्हालाच माहीत असलेली एखादी गोष्ट. तुमचंच घ्या:

'नॉट मच नाऊ, बट आय यूज्ड टू. माय स्कूल वॉज थ्री किलोमीटर्स अवे, सो आय सायकल्ड देअर पास्ट द बनाना फील्ड्स. इन एप्रिल द सीट गॉट सो हॉट दॅट आय पुट अ वेट क्लॉथ ऑन इट.'

यात आता आणि तेव्हा, दोन्ही काळ आले. गुणांच्या चार भागांपैकी एक भाग व्याकरणाचा असतो, म्हणून 'यूज्ड टू' तोंडात बसवाच. ओला फडका मात्र कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडणार नाही.

पांझराकाठ:
ताईंशी सहमत. पर्यावरण तिसऱ्या भागासाठी ठेवा. तिथे 'शहरात सायकलसाठी वेगळा रस्ता हवा का' असं काही विचारू शकतात, तेव्हा मत लागतंच.

शब्द अडला तर थांबू नका. मला कैची सायकल सांगायची होती, तिला इंग्रजीत काय म्हणतात ते आजही माहीत नाही. मी म्हटलं, 'आय वॉज टू शॉर्ट फॉर द सीट, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम अँड पेडल्ड स्टँडिंग.' परीक्षकाला कळलं. शब्द नसताना अर्थ पोचवणं हेही शब्दसंपत्तीतच धरतात. आणि आपला खान्देशी हेल लपवायला जाऊ नका. उच्चार स्पष्ट हवा, हेलाचे गुण कापत नाहीत.

केळीचं_पान:
खूप आभार. 'हू टॉट यू टू राइड?' यावर आत्ता एकट्यानेच मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं:

'माय फादर. आय लर्न्ट ऑन हिज ओल्ड ब्लॅक सायकल, अँड ही रॅन बिहाइंड मी होल्डिंग द कॅरिअर. वन इव्हिनिंग ही लेफ्ट इट, बट आय केप्ट टॉकिंग टू हिम.'

जंक्शनवाली:
अंगावर काटा आला वाचून. 'लेफ्ट इट' नाही, 'लेट गो' म्हणा. बाकी एक शब्दही बदलू नका.