शॉकअब्सॉर्बर गेले की स्टॅबिलायझर लिंक? पुढच्या चाकापाशी खटखट आवाज

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे 2018 ची पेट्रोल क्रॉसओव्हर असून ती आतापर्यंत 71,000 किलोमीटर चालली आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर पुढच्या बाजूने, बहुधा डाव्या चाकापाशी, खटखट असा कोरडा आवाज येऊ लागला आहे. तो कधी येतो आणि कधी येत नाही हे सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला त्याची संगती लागत नाही.

वसाहतीतल्या गतिरोधकावरून गाडी सरळ नेली तर काहीही ऐकू येत नाही. मात्र खाली बसलेल्या चेंबरच्या झाकणावरून एकच चाक गेले, किंवा केसरबाग रोडकडे येताना खोदून बुजवलेल्या चरांवरून ताशी वीस-तीसच्या वेगाने गाडी गेली, की लागोपाठ खटखट सुरू होते. बायपासवर ऐंशीच्या वेगाने गाडी अगदी शांत असते आणि स्टिअरिंगमध्येही काही जाणवत नाही.

एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी डावी बाजू जॅकवर उचलून स्टॅबिलायझर लिंक हाताने हलवून पाहिली, ती घट्ट असल्याचे सांगितले आणि पुढचे दोन्ही जंपर (शॉकअब्सॉर्बर) बदलावे लागतील म्हणून 14,000 रुपयांचा अंदाज दिला. जंपरवर तेल गळल्याची खूण मला दिसली नाही, आणि बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी झुलतही नाही. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे याची खात्री मला स्वतः करून घेता येईल का? साध्या पान्यांचा संच माझ्याकडे आहे.

निवृत्त फिटर (राऊ)

नमस्कार. गतिरोधकावर गाडी शांत राहते आणि एकच चाक खाली-वर झाले की आवाज येतो, एवढ्यावरून मी सर्वांत आधी लिंकच तपासली असती, आणि वर्कशॉपने ती ज्या पद्धतीने तपासली त्या पद्धतीत झिजलेली लिंकही घट्टच लागते.

याचे कारण समजून घ्यावे. स्टॅबिलायझर बार ही स्प्रिंगच्या पोलादाची आडवी सळई असते. ती मधल्या भागात दोन रबरी डी-बुशांनी सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीला, धरलेली असते आणि तिची दोन्ही टोके एकेका लिंकने आपापल्या बाजूच्या स्ट्रटला, म्हणजे जंपरच्या नळीला, जोडलेली असतात. काही गाड्यांत लिंक आखूड असते व ती लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या भुजेला, जोडलेली असते, पण आपल्याकडच्या बहुतेक क्रॉसओव्हरांत पुढे लांब लिंकच आढळते. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर जातात तेव्हा सळई बुशांमध्ये नुसती फिरते, तिला पीळ बसत नाही आणि म्हणून लिंकवर म्हणण्यासारखा भारही येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले की मात्र सळई पिळली जाते, आणि लिंक एका क्षणी ओढली तर पुढच्या क्षणी दाबली जाते. लिंकच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. त्यांच्या आतले प्लास्टिकचे अस्तर झिजून फट पडली असेल, तर भाराची दिशा पालटताना बॉल त्या फटीत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आदळतो आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो.

आता जॅकचे पाहू. फक्त डावी बाजू उचलली की डावे चाक खाली लोंबते, उजवे मात्र जमिनीवर दबलेलेच राहते. साहजिकच सळई पिळलेल्या अवस्थेत दोन्ही लिंकांना ताणून धरते. फट असली तरी ती एका बाजूला दाबून बंद झालेली असते, त्यामुळे हाताने कितीही हलवले तरी लिंक जागची हलत नाही. तपासणी करायची तर दोन्ही चाके एकाच पातळीवर हवीत: एक तर चारही चाके सपाट जमिनीवर, नाहीतर रॅम्पवर दोन्ही सारखी लोंबती. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की चाकामागून लिंकपर्यंत हात पोहोचतो. लिंक मुठीत धरून तिच्या लांबीच्या दिशेने जोरात खाली-वर करावी, आणि दुसऱ्या हाताचे बोट आधी वरच्या व नंतर खालच्या जॉइंटवर ठेवावे. हाताला टिकटिक लागली तर शंकेला जागा उरत नाही. लिंक स्वतःच्या अक्षाभोवती थोडी फिरते, तो दोष नव्हे. चांगल्या लिंकेतही बॉल फिरतोच, फक्त तो घट्ट फिरतो, सैल नाही.

हाताला काही लागले नाही तर सोबत्याला दार उघडून दाराच्या उंबऱ्यावर उभे राहायला सांगावे आणि गाडी आडवी डोलवायला लावावी, म्हणजे सळईवर खरा भार येतो. मधल्या वेळात जॉइंटवरची रबरी आवरणे, म्हणजे बूटही, पाहून घ्यावेत. बूट फाटला की ग्रीस निघून जाते, पाणी आणि धूळ आत शिरते, आणि मग जॉइंट फार काळ टिकत नाही. इंदुरात हे पावसाळ्यानंतर जास्त का दिसते, यात मला नवल वाटत नाही. मालव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे बुजवलेले चर दरवर्षी खचतात, आणि तेही रस्त्याच्या एकाच कडेला, जिथे नेमके डावे चाक जाते.

रस्त्यावर घेण्यासारखी आणखी एक चाचणी आहे. एखाद्या मोठ्या चौकाच्या वर्तुळावर गाडी सावकाश, एकाच वळणात फिरवत राहावी. वळणात गाडी कलते, सळई पिळलेली राहते आणि लिंकेतली फट दाबली जाते. सरळ जाताना लहान खाचखळग्यांवर येणारा आवाज वळणात तशाच रस्त्यावर नाहीसा झाला, तर पुरावा लिंकच्या बाजूने झुकतो.

सुदामानगर गॅरेज

फिटरसाहेबांच्या स्पष्टीकरणाशी मी सहमत आहे, परंतु लिंक बदलूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्या आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून पार्ट मागवण्यापूर्वी आणखी काही गोष्टी तपासाव्यात असे सुचवतो.

सर्वांत सोपी तपासणी ब्रेकची आहे. ज्या तुकड्यावर आवाज हमखास येतो तिथे ब्रेक अगदी हलका दाबून गाडी न्यावी. आवाज थांबला तर सस्पेन्शन सोडून कॅलिपरच्या पिना आणि पॅडच्या क्लिपा पाहाव्यात, कारण सैल पॅड खडखडतात आणि हलक्या दाबाने ते डिस्कला चिकटून गप्प बसतात. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर वरून कटकट आली तर स्ट्रटचा वरचा माउंट किंवा त्याचे बेअरिंग संशयित ठरते. डी-बुश झिजले असतील तर आवाज गाडीच्या मधल्या भागाकडून येतो, आणि सुकलेले बुश तर चक्क कुरकुरतात. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग पाहावे, आणि डावीकडे-उजवीकडे धरून जाणवला तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे, टोक. बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर लिंकचा विचार बाजूला ठेवून आधी तो बदलावा, कारण लिंक तुटली तरी गाडी सावकाश घरी येते, पण लोअर आर्मचा जॉइंट निखळला तर चाकच आडवे पडते.

बॉनेट दाबून पाहण्यावर मात्र फार विसंबू नये. बराच थकलेला जंपरही त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. टायरच्या नक्षीवर हात फिरवून पाहावा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागत असतील तर जंपर चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाही असे समजावे. नळीवर नुसती ओलसर धूळ दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, तेलाचा ओघळ दिसला तर आहे.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी सपाट जागी उभी करून तपासली. डाव्या लिंकचा खालचा जॉइंट बोटाला स्पष्ट टिकटिकतो आणि त्याचा बूट मागच्या बाजूने फाटलेला आहे. उजवी लिंक घट्ट आहे. ब्रेक दाबून आवाज बदलत नाही, टायरवर चट्टेही नाहीत.

आता तीन शंका आहेत. एकच लिंक बदलली तर चालेल का? बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे लागते का? आणि पुढच्या आठवड्यात खंडव्याला जायचे आहे, तोपर्यंत पार्ट मिळाला नाही तर भेरू घाटातून ही गाडी न्यावी का?

सुदामानगर गॅरेज

जोडीनेच बदला. दोन्ही लिंकांनी सारखाच रस्ता आणि सारखाच पाऊस पाहिलेला आहे, आणि जंपरच्या तुलनेत लिंकची किंमत इतकी कमी आहे की पुन्हा चाक उघडण्याचा त्रास त्यापेक्षा महाग पडेल. काही गाड्यांत डावी आणि उजवी लिंक वेगळी असते, तेव्हा पार्ट नंबर चेसिस नंबरवरून जुळवून घ्यावा आणि जुनी लिंक शेजारी धरून लांबी व स्टडची (बॉलच्या आटे असलेल्या दांड्याची) दिशा पाहूनच नवी बसवावी.

अलाइनमेंटची गरज नाही. लिंकने टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन व उभा कल, ठरत नाही. त्या निमित्ताने कोणी अलाइनमेंटचे बिल लावले तर कारण विचारावे.

निवृत्त फिटर (राऊ)

जोडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. उजवीचा बूट अखंड असेल आणि जॉइंट खरोखरच घट्ट असेल तर ती ठेवायला तांत्रिक अडचण काही नाही, कारण जंपरप्रमाणे तिचा जोर हळूहळू कमी होत नाही. पण चाके उघडणारच आहात आणि 71,000 किलोमीटर झालेच आहेत, तेव्हा व्यवहार म्हणून गॅरेजवाल्यांचा सल्ला योग्य आहे.

घाटाबद्दल सांगायचे तर नुसता खेळ असेल तर गाडी सावकाश नेता येते, वळणात ती किंचित जास्त कलेल एवढेच. जॉइंट मात्र इतका सैल झाला असेल की बॉल सॉकेटमधून निघू पाहतो आहे, किंवा लिंकचा दांडा वाकलेला अथवा गंजून बारीक झालेला असेल, तर नेऊ नये. सुटलेली लिंक टायरच्या भिंतीला किंवा ब्रेकच्या होजला (रबरी नळीला) लागू शकते, आणि उतारावर तो धोका पत्करण्यासारखा नाही.

बदलण्याचे काम साधे आहे, वेळ जातो तो फक्त गंजलेल्या नटांत. आदल्या रात्री चारही नटांच्या आट्यांवरची माती वायर ब्रशने काढून गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हँडब्रेक लावून उभी करावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत आणि मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून दोन स्टँडवर ठेवाव्यात. गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. दोन्ही बाजू एकदम उचलण्याचा फायदा तपासणीत सांगितला तोच: सळईला पीळ नसतो, लिंक सहज निघते आणि नवीही भोकात सरळ बसते. इतके करूनही भोके जुळली नाहीत तर पहारीने जोर लावू नये. दुसरा जॅक लोअर आर्मखाली लावून चाकाची बाजू थोडी वर-खाली केली की स्टड आपोआप आत जातो.

नट फिरवताना त्याच्याबरोबर बॉलचा स्टडही फिरू लागतो, इथे नवशिका हमखास अडकतो. म्हणून स्टडच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते, किंवा बूटाच्या मागे पातळ पाना धरण्यासाठी चपटी जागा असते. खाचेतली माती टाचणीने कोरून काढावी, ॲलन की पूर्ण आत बसल्याची खात्री करावी, आणि की स्थिर धरून नट रिंग पान्याने फिरवावा. अर्धवट बसलेल्या कीने खाच गोल झाली की ग्राइंडरशिवाय उपाय राहत नाही. तशी वेळ आलीच तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओल्या जाड कापडाने झाकावी, डोळ्यांवर गॉगल लावावा आणि फक्त नट कापावा. स्ट्रटवरच्या कंसाला धक्का लागू देऊ नये.

नवी लिंक बसवताना सोबत आलेले नवे नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेले) वापरावेत, जुने पुन्हा लावू नयेत, कारण एकदा वापरलेल्या नायलॉनची पकड पहिल्यासारखी राहत नाही. इम्पॅक्ट गनने नट आवळण्याचा मोहही टाळावा. गनच्या वेगाने स्टड आणि बॉल दोन्ही गरगर फिरतात, बूट पिळला जातो, आणि लिंक नवी असतानाच तिचे आयुष्य कमी होते. हाताने आवळून शेवटी टॉर्क रेंच लावावा. बऱ्याच कॉम्पॅक्ट गाड्यांत हा आकडा 40 ते 60 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलाच धरावा. काही गाड्यांत वरच्या आणि खालच्या नटाचा टॉर्कही वेगळा असतो. आपल्या लिंकला दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असल्याने नट चाके लोंबती असतानाच पूर्ण आवळले तरी चालते. टोकाला रबरी बुश असलेली लिंक असती तर गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळावे लागले असते.

चाके बसवण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिंक कुठे होजला किंवा वायरला घासत नाही ना, हे पाहावे. नंतर त्याच चेंबरच्या झाकणावरून गाडी न्यावी. आवाज अजूनही आला तर आधी हे चार नट पुन्हा तपासावेत. नव्या लिंकचा नट थोडा सैल राहिला तरी अगदी जुन्या लिंकसारखाच खटखटतो, आणि त्यापायी लोक उगाच डी-बुश बदलून बसतात.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

समजले. दोन्ही लिंक नायलॉक नटांसह मागवल्या आहेत. टॉर्क रेंच मात्र माझ्याकडे नाही. कोणाकडून काही तासांसाठी मिळाला तर शनिवारी काम करीन.

सुदामानगर गॅरेज

शनिवारी दुपारनंतर आमचा रिकामा असतो. येताना मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा लिहून आणावा, तो बघूनच रेंच सेट करून देऊ.