सकाळी ७ ला घर सोडायचं, रात्री पावणेनऊला परत: यात डॉक्टर गाठायचा कधी?

पूर्वेकडचा

डोंबिवली ते अंधेरी रोजचा प्रवास. सकाळी ७ ला बाहेर, ऑफिस ६ ला सुटतं, घरी पावणेनऊ. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ११८, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ७.८, बीपी १४४/९२ आलंय आणि खाली शेरा, ‘फिजिशियनला दाखवा’. घराजवळच्या फिजिशियनची ओपीडी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ६:३० ते ८:३०. रविवार बंद. म्हणजे दाखवायला एक फेरी, रक्ताला एक, रिपोर्ट दाखवायला एक, झाल्या तीन अर्ध्या रजा. शिल्लक रजा ४ आणि वर्ष संपायला पाच महिने. कमीत कमी रजेत हे कसं बसवायचं ते सांगा. ‘तब्येतीपेक्षा नोकरी मोठी का’ हे कृपया कुणी लिहू नका.

काउंटर_दोन

क्रम उलटा करा. आधी रक्त, मग डॉक्टर. हातात रिपोर्ट घेऊन गेलात तर तीनाची एक फेरी होते. फक्त चाचण्या आपल्या मनाने ठरवू नका. ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये सत्तर चाचण्या असतात आणि नेमकी हवी ती नसते. क्लिनिकला फोन करा, नवीन पेशंट आहे म्हणून सांगा, ऑफिसचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘येताना काय करून आणू’ एवढंच विचारा. बरेच डॉक्टर चिठ्ठी पाठवतात. नाही पाठवली तर आधी एक टेली-कन्सल्ट, म्हणजे फोन-व्हिडिओवर डॉक्टर, घ्या; ई-संजीवनी या सरकारी सेवेवर ते फुकट आहे: मोबाइल नंबरवर नोंदणी, टोकन, आणि शेवटी सहीची चिठ्ठी पीडीएफमध्ये.

दुसरं, डॉक्टर घराजवळचाच कशाला? तुम्ही ६ ला सुटता आणि ओपीडी ६:३० ला उघडते, ती अंधेरीत गाठा. डोंबिवलीत पोचेपर्यंत शटर खाली येत असतं. जेवणाच्या सुट्टीत जायचं असेल तर एक लक्षात ठेवा, बहुतेक खाजगी क्लिनिक दुपारी बंद असतात. पण मोठ्या हॉस्पिटलांत कन्सल्टंटची ओपीडी दुपारीही चालते. फी जास्त पडते, पण अर्धी रजा वाचते. फोनवर विचारताना नुसतं ‘डॉक्टर असतात का’ विचारू नका. ‘फिक्स ओपीडी आहे की ऑन कॉल’ असं विचारा. ऑन कॉल म्हणजे पेशंट आला तर ते घरून निघणार.

आता नंबराचं गणित. नंबर सकाळी काउंटर उघडताच फोनवर लावायचा. संध्याकाळचा १ नंबर म्हणजे ६:३० असं कुणी धरून बसू नये, डॉक्टर राउंड संपवून येतात, पाऊण तास सहज जातो. शेवटचे तीन-चार नंबरही घेऊ नका, उशीर झाला की पहिली कात्री त्यांनाच लागते. सहा ते दहा हा पट्टा बरा. ऑफिसातून निघताना फोन करून दोनच प्रश्न: डॉक्टर आले का, आणि कितवा चालू आहे? समजा तुमचा १४ आणि आत ५ आहे, तर मधले ८ गुणिले ७ मिनिटं, साधारण ५५, वर रिपोर्ट दाखवायला मधेच घुसणारे आणि एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) धरून २० मिनिटं. नवीन पेशंटला १५ मिनिटं लागतात, म्हणून ‘नवीन’ हा शब्द नंबर लावतानाच सांगा. नाहीतर जुन्याच्या खाचेत बसवतात आणि आत गेल्यावर घाई होते. अॅपवरची ७:२० ची वेळ, जिथे समोरून येणारेही घेतात तिथे, नुसती शोभेची. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा.

सुईवाला

रक्ताचं मी सांगतो, कारण इथेच लोक अख्खी सकाळ घालवतात.

घरी येऊन नमुना घेणाऱ्यांचा पहिला स्लॉट मागा, ६ ते ६:३०. एका पोऱ्याकडे सकाळी सहा-आठ घरं असतात. साडेसहानंतरचा स्लॉट सातच्या पुढे सरकणारच, आणि तुमची गाडी गेलेली. बुकिंग आदल्या संध्याकाळपर्यंत.

रात्री ९ ला शेवटचा घास म्हणजे ६:३० ला साडेनऊ तास होतात. उपाशीपोटीच्या साखरेला ८ तास लागतात, चरबीच्या चाचणीला ९ ते १२ मागतात, दोन्ही बसलं. पाणी चालतं, नव्हे प्याच, शीर लवकर सापडते. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. रिपोर्ट नक्की येऊ दे म्हणून १६-१८ तास उपाशी राहणारे भेटतात, त्याने आकडा उलट बिघडतो.

अडतं ते जेवणानंतरच्या साखरेवर. तो नमुना २ तासांनी देतात, आणि ते २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. ७ ला नाश्ता केला तर ९ ला तुम्ही घाटकोपरला लटकत असाल. तीन वाटा आहेत. एक, चौथ्या शनिवारी दोन्ही द्या. दोन, नाश्ता ऑफिसजवळ करा आणि त्याच लॅबच्या अंधेरीच्या शाखेत दुसरा नमुना द्या. सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे एकाच बिलात आणि एकाच रिपोर्टात येतं. तीन, डॉक्टर हो म्हणाले तर एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. त्याला उपास लागत नाही, दिवसभरात कधीही, ऑफिस सुटल्यावर सातलाही चालतं. मात्र अंगात लोह कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवतो, तेव्हा हिमोग्लोबिन सोबत करून घ्या.

साखरेचा नमुना राखाडी टोपणाच्या नळीत जातोय का ते पाहा. त्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्के उतरते. दुपारी लॅबला पोचलेला नमुना मग ‘नॉर्मल’ निघतो.

टीएसएचला उपास लागत नाही, पण तो सकाळी जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी एकाच वेळेला द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येतो. यात साखर आणि टीएसएच संध्याकाळपर्यंत मिळतात. कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघणं) सांगितलं असेल तर ते २ ते ३ दिवसांचं काम, अपॉइंटमेंट तशी लावा.

तळोजा_बी_पाळी

यात आमचं कुठे बसतं? ठेकेदाराकडे आहे, पाळ्या फिरतात, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात. रजा मागितली की पगार कापला.

हजेरीपुस्तक

तळोजाला आधी. ईएसआय कापला जातोय म्हणजे तुमचा आधार कंपनीची रजा नव्हे, ईएसआय आहे. दरमहा २१,००० पर्यंत मजुरी असणाऱ्यांना ते लागू. तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. आजारपणाच्या दिवसांचे सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की मागच्या अंशदान काळात, म्हणजे वर्गणीच्या सहामाहीत, ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जानेवारी ते जून आजारी पडलात तर आधीचे एप्रिल ते सप्टेंबर बघतात, जुलै ते डिसेंबरला आधीचे ऑक्टोबर ते मार्च. दोन ठिकाणी घोटाळा होतो. ठेकेदाराने पैसे कापले पण भरले नाहीत: ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या विमा क्रमांकाने भरलेले दिवस दिसतात, आजारी पडण्याआधी बघून ठेवा. दुसरं, बाहेरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं: रजेचा दाखला ईएसआयच्या दवाखान्याचाच घ्या. आणि आधी दाखला, मग विश्रांती. चार दिवस घरी झोपून पाचव्या दिवशी मागचा दाखला मागाल तर वाद होतो.

पाळीचं म्हणाल तर दुसरी पाळी ही दवाखान्याची पाळी. सकाळी केसपेपर, दुपारी कामावर. सरकारी हॉस्पिटलात केसपेपर सकाळीच निघतात, दुपारनंतर खिडकी बंद. जिथे क्यूआर लावलाय तिथे आभाच्या (सरकारी आरोग्य खात्याच्या) अॅपवरून स्कॅन केलं की टोकन येतं, नाव-पत्त्याची रांग वाचते. त्यासाठी १४ अंकी आभा क्रमांक घरीच काढून ठेवा.

पूर्वेकडचा, तुमच्यासाठी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, तिमाहीला दोन अशा जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. अर्जित रजा वेगळी: वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांना एक, ती ४५ पर्यंत साठते. ‘सिक लीव्ह’ हे या कायद्यात नाहीच, ते कंपनीचं धोरण. म्हणून तुमचे ४ कुठल्या खात्यातले ते आधी पाहा. नैमित्तिक बुडणार असतील तर त्या आधी वापरा.

अर्ध्या दिवसाऐवजी दोन तासांची परवानगी मागून बघा. ‘बरं नाही’ असं मोघम लिहिलं की साहेबाला तो अचानक आलेला आजार वाटतो. ‘गुरुवार, वैद्यकीय अपॉइंटमेंट, ४:३० ला निघेन, बुधवारी तेवढं जास्त थांबेन’ असं पाच दिवस आधी लिहिलं तर नाही म्हणायला जागा राहत नाही. आजाराचं नाव साहेबाला सांगायची गरज नाही. सर्टिफिकेट लागलंच तर त्यावर तपासल्याची तारीख, विश्रांती किती दिवस आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक नसला की आमच्याकडून परत जातं.

स्टेथो

आकडे पाहून लिहितो, निदान म्हणून घेऊ नका. ११८ म्हणजे मधुमेह नव्हे, १०० ते १२५ हा उंबरठा आहे. टीएसएच ७.८ एकट्यावर सहसा गोळी सुरू करत नाहीत, सोबत फ्री टी४ (थायरॉइडचीच दुसरी चाचणी) लागतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. एकूण पंधरा दिवस मागेपुढे झाले तर चालेल. चालणार नाही ते हे: छातीत दाब, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं. तिथे नंबर, रजा, साहेब काही नाही, १०८.

बीपी मात्र आजपासून मोजा, डॉक्टरची निम्मी भेट त्यात वाचते. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, ५ मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या उंचीला, टेबलावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. गाडीतून उतरून घरात शिरल्या शिरल्या मोजू नका, तो आकडा लोकलचा असतो.

फोनवर काय होतं? रिपोर्ट बघणं, चालू गोळीचा डोस बदलणं, तीच औषधं पुन्हा लिहून देणं. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत औषधांच्या याद्या आहेत: काही पहिल्याच व्हिडिओ भेटीत लिहिता येतात, काही फक्त जुन्या पेशंटला, आणि झोपेच्या-नशेच्या गटातली काही अजिबात नाहीत. पोटदुखी, कानदुखी, गाठ हे हात लावल्याशिवाय होत नाही, तिथे फोनवर पैसे घालवू नका. म्हणून पहिली भेट समोरासमोर, पुढच्या फोनवर, असं डॉक्टरशी आधीच बोलून घ्या.

निघताना तीन गोष्टी मागा. औषध ३ महिन्यांचं लिहून, ‘९० दिवस’ असा आकडा टाकून. पुढच्या चाचण्यांची चिठ्ठी आत्ताच. आणि तारीख: थायरॉइडची गोळी सुरू झाली तर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी, एचबीए१सी ३ महिन्यांनी. त्याआधी करून पैसे वाया, आकडा अजून बसलेला नसतो.

काउंटर_दोन

यात भर. चालू औषधांच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन जा, नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही दिसेल असा. ‘छोटी पांढरी गोळी’ सांगितलं की पाच मिनिटं तिथेच जातात.

पूर्वेकडचा

मग असं धरतो: आज बीपी मशीन, उद्या अंधेरीच्या क्लिनिकला रिपोर्ट पाठवून चिठ्ठी, चौथ्या शनिवारी घरी दोन्ही नमुने, पुढच्या गुरुवारी ६:३० च्या ओपीडीत साधारण आठवा नंबर. रजा शून्य. गोळी लागलीच तर सकाळी कधी घ्यायची? साडेसहाला चहा होतो.

स्टेथो

थायरॉइडची असेल तर उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. पावणेसहाचा गजर असेल तर पट्टी उशाशी ठेवा. लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर ते ४ तासांनंतर, म्हणजे ऑफिसात दुपारच्या डब्याबरोबर. आणि रक्त द्यायच्या दिवशी आधी सुई, मग गोळी.

सुईवाला

तळोजासाठी राहिलं: रात्रपाळी संपवून तसंच लॅबला जाऊन टीएसएच देऊ नका, जागरणाने तो चढलेला असतो. पाळी बदलल्यावर दोन-तीन रात्री नीट झोप झाली की मग द्या.