नेतृत्वगुण की नेतृत्वकौशल्य?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराचं पत्रक लिहायचं आहे. 'लीडरशिप स्किल्स'साठी काय लिहावं? 'नेतृत्वगुण' सगळीकडे दिसतो, पण 'गुण विकसित करा' हे कानाला खटकतं. शिवाय मुलांना 'स्वयंसेवक' म्हणावं की 'कार्यकर्ते'?

प्रतिसाद १ : 'कौशल्य' लिहा. गुण अंगी असतो किंवा बाणतो. कौशल्य हाताखाली काम करता करता येतं. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, यातून मुलांना मिळतं ते कौशल्यच. 'स्वयंसेवक'ही बरोबर. 1969 साली योजना सुरू झाली तेव्हापासून तोच शब्द रूढ आहे.

प्रतिसाद २ : कौशल्याबद्दल सहमत. पण मराठीत या गोष्टीचं खरं क्रियापद 'शिकणं' नाही, 'घडणं' आहे. 'कार्यकर्ता घडतो' असं आपण म्हणतो, 'नेता शिकतो' असं कुणी म्हणत नाही. 'सेवा दलाच्या मुशीत घडलेला' हा प्रयोग जुन्या पिढीच्या तोंडी सर्रास असे. 1941 साली एस. एम. जोशी दलप्रमुख असताना उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दल या संघटनेत शाखा चालवणं हेच शिक्षण होतं. मुलं जमवायची, खेळ घ्यायचे, गाणी बसवायची, रुसलेल्याला घरी जाऊन परत आणायचं. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून तिथे आल्या. पुढे गोरेगावच्या पाण्यासाठी बायकांना घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. हे नाव पदावरून पडलेलं नाही, कामावरून पडलेलं आहे. म्हणून मला 'कार्यकर्ता' हा शब्द फार मोलाचा वाटतो. स्वयंसेवक छातीवर बिल्ला लावून एका कार्यक्रमापुरता असू शकतो. कार्यकर्त्याला मात्र दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत करायलाही जावं लागतं.

प्रतिसाद ३ : 'पुढारी' का नको? ग. गो. जाधवांनी स्वातंत्र्यापूर्वी कोल्हापुरात आपल्या वृत्तपत्राला हे नाव दिलं, तेव्हा तो सन्मानाचाच शब्द होता.

प्रतिसाद २ : होता, पण आता 'फार पुढारपण करू नकोस' असं म्हणतात. 'म्होरक्या' तर टोळीलाच चिकटला. 'पुढाकार' मात्र स्वच्छ राहिला आहे, तो जरूर वापरा. 'धुरीण'ही सुंदर आहे. धुर म्हणजे जू, ते खांद्यावर वाहणारा तो धुरीण. पण विद्यार्थ्यांच्या पत्रकात तो जड होईल.

प्रतिसाद ४ : गणेश मंडळांची भाषाही बघा. तिथे 'जबाबदारी अंगावर घेतली' म्हणतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या किंवा पोराच्या हाती पावतीपुस्तक येतं. पहिल्या वर्षी वर्गणी, मग मांडव, मग पोलीस परवानगी, एखाद्या वर्षी खजिनदारकी. जमाखर्च सभेत वाचून दाखवताना वडीलधारे प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यावंच लागतं. हे सगळं कुठल्या वर्गात शिकवणार? 'तालीम' हा शब्दही विसरू नका. मूळ अरबी अर्थ शिक्षण. मराठीत तो आखाडा झाला, नाटकाचा सराव झाला, आणि पुण्यात 'गुरुजी तालीम', कोल्हापुरात 'पाटाकडील तालीम' अशी संस्थांची नावंही झाला. 'नेतृत्वाची तालीम' हा शब्दप्रयोग मला 'नेतृत्व प्रशिक्षण'पेक्षा कितीतरी जिवंत वाटतो, कारण त्यात रोज घाम गाळणं आहे.

प्रश्नकर्ता : मग असं चालेल का : 'शिबिरातून स्वयंसेवकांची नेतृत्वकौशल्ये विकसित होतील'?

प्रतिसाद २ : 'विकसित होतील' काढाच. कोण काय करणार ते लिहा : 'शिबिराचा स्वयंपाक, श्रमदान आणि गावसभा यांची जबाबदारी स्वयंसेवकांच्या गटांकडे असेल. प्रत्येक गटाचा प्रमुख रोज बदलेल.' खाली 'नेतृत्वाची तालीम' एवढं मोठ्या अक्षरात. स्वयंसेवक शब्द राहू द्या. पुढच्या वर्षी त्यातले जे शिबिराच्या तयारीला आपणहून येतील, त्यांना कार्यकर्ते म्हणा.