ठाण्यातलं घर आणि पैशाच्या वाटेवरचे अडसर

प्रेषक: एक सभासद
विषय: आई-बाबांचे फोन आणि बँक खाती

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात इथून, परदेशातून, भारतात जाणाऱ्या आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांचे आई-वडील ठाण्यात किंवा नवी मुंबईत दोघंच राहतात. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे त्यांना तोंडपाठ आहे, तरी लोक फसतातच. हाताशी दोन दिवस असतील, तर त्यांच्या फोनवर आणि बँकेत नेमकं काय करून यावं?

आणखी एक. खारघर-उलव्याकडे फ्लॅट बुक केलेल्यांना बिल्डरच्या नावाने मेल येताहेत, की खातं बदललंय, पुढचा हप्ता इथे भरा. ते खरं की खोटं, हे कसं ओळखायचं?

---

प्रेषक: सायबर मदत गट
विषय: उत्तर: आई-बाबांचे फोन आणि बँक खाती

नमस्कार,

नुसतं "सावध राहा" सांगून भागत नाही, कारण फसवणारी माणसं सावधपणाच मोडून काढायला बसलेली असतात. घाई, भीती किंवा लाज, यातलं काहीतरी अंगावर आलं की पाठ केलेलं कुणालाच आठवत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की आई-बाबा अगदी घाबरून गेले तरी पैसा झटकन बाहेर पडता कामा नये. अडसर खात्यालाच बसवा.

पहिला दिवस बँकेचा. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं काढा, त्यात महिना-दोन महिन्यांपुरते पैसे ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पेन्शनचं आणि ठेवींचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर काढून टाका. नेटबँकिंगची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधूनच खाली आणता येते. बऱ्याच ठिकाणी ती लाखांत असते आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नसतो. कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार लागत नसतील तर बंद करा, ते बटणही ॲपमध्येच असतं.

मुदत ठेवींकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मोठी रक्कम तिथूनच जाते. नेटबँकिंग हाती लागलं की चोर ठेव ऑनलाइन मोडतो, पैसे बचत खात्यात आणतो आणि तिथून पुढे पाठवतो. ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, ते शाखेत विचारा. मोठ्या ठेवी "दोघांपैकी कुणीही" ऐवजी "दोघांच्या सह्यांनी" अशा ठेवल्या, तर मुदतीआधी मोडायला दोघांनाही शाखेत सही करावी लागते. एकजण आजारी पडला तर हेच अंगाशी येतं, म्हणून दवाखान्यापुरती एक ठेव साध्या पद्धतीने राहू द्या.

दुसरा दिवस फोनचा. व्हॉट्सॲपवर निरोप येतो: "आपले मागील महिन्याचे गॅसबिल अपडेट झालेले नाही, आज रात्री ९.३० ला पुरवठा बंद होईल." सोबत एक फाइल असते, नावाच्या शेवटी "डॉट एपीके". कधी वीजबिल असतं, कधी गाडीचं ई-चलान, कधी लग्नपत्रिका. बिल किंवा पत्रिका पीडीएफ किंवा फोटो म्हणून येते. एपीके म्हणजे ॲप. ते फोनमध्ये बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. त्यात आई-बाबांनी कुणाला ओटीपी सांगितलेलाच नसतो! म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "अननोन ॲप्स" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या तिन्हींपुढची परवानगी बंद आहे ना, ते बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट ही दुसऱ्याला दुरून आपला फोन दाखवणारी ॲप्स; यातलं काही दिसलं तर काढून टाका. व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये परका संगणक जोडलेला नाही ना, ते तपासा.

कॉल फॉरवर्डिंगही उघडून बघा. कुरिअरवाला म्हणून बोलणारा माणूस स्टार ४०१ ने सुरू होणारा आकडा डायल करायला लावतो आणि आई-बाबांचे कॉल त्याच्याकडे वळतात. २०२४ च्या एप्रिलपासून दूरसंचार विभागाने असा आकडा डायल करून कॉल वळवण्याची (यूएसएसडीची) वाट बंद करायला लावली, पण सेटिंग बघायला अर्धं मिनिट लागतं.

महावितरणचे खरे एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असतं. शंका आली तर १९१२ ला फोन करा. आलेल्या निरोपातल्या नंबराला मात्र नाही. बँकेची खरी वेबसाइट आता "डॉट बँक डॉट इन"ने संपते, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. आणि यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही, हे पुन्हा एकदा सांगाच.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: बिल्डरच्या नावाने मेल

सायबर मदत गटाच्या ताईंनी फोनचं सविस्तर लिहिलंय, मी मेलचं लिहितो.

"खातं बदललंय" हा मेल बहुतेक वेळा जुन्याच पत्रव्यवहाराच्या खाली जोडून येतो. आधीची सगळी पत्रं तिथे दिसतात, म्हणून शंका येत नाही. असं होतं, कारण तुमची, दलालाची किंवा वकिलाची मेलपेटी आधीच कुणीतरी उघडलेली असते. तो आठवडे-आठवडे नुसतं वाचत बसतो आणि हप्त्याची तारीख जवळ आली की लिहितो.

नाव बघू नका, पूर्ण पत्ता बघा. इंग्रजी "एम"च्या जागी "आर" आणि "एन" चिकटून लिहिले की मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही. पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरात डकवा. "रिप्लाय" दाबल्यावर वर कुठला पत्ता येतो तेही बघा, कारण पाठवणारा एक आणि उत्तर जाणार दुसरीकडेच, असं करता येतं. जीमेलमध्ये संगणकावर "शो ओरिजिनल" उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का हे तपासणाऱ्या तीन चाचण्या, यांचे निकाल दिसतात. तिथे "फेल" असेल तर मेल खोटाच समजा. तिन्ही "पास" असले तरी मेल खरा ठरत नाही. बिल्डरचीच पेटी फुटली असेल तर त्याच्याच पत्त्यावरून आलेला मेल पास होणारच.

म्हणून नियम एकच ठेवा. खात्यात बदल असेल तर फोन करायचा, आणि तोही करारनाम्यावरच्या नंबरावर. नोंदणीकृत करारनाम्यात हप्त्याचं खातं दिलेलं असेल तर तेच धरून चला. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यावी लागते, ती वापरा. कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा.

स्वतःची पेटीही तपासा. जीमेलच्या सेटिंगमध्ये "फिल्टर्स" आणि "फॉरवर्डिंग" हे दोन्ही भाग बघा. बिल्डरचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा, तुम्ही न लावलेला फिल्टर सापडला, तर नुसता पासवर्ड बदलून चालणार नाही. आधी फिल्टर काढा, मग पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि टू-स्टेप लावा.

पैसे इथल्या बँकेतून वायरने गेले असतील तर त्याच मिनिटाला इथल्या बँकेला "रिकॉल", म्हणजे पैसे परत मागवणारा निरोप, पाठवायला सांगा.

मंडळाचं म्हणाल तर अध्यक्ष, कार्यवाह किंवा मी, कुणीही मेलवर गिफ्ट कार्ड मागत नाही. असा मेल आला तर सभासद यादीतल्या नंबरावर फोन करा. रात्री अकराला केलात तरी चालेल.

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: आणि पैसे गेलेच तर?

दोघांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पैसे गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? आणि "डिजिटल अरेस्ट"चं, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावतात त्याचं, काय? सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला पोलिसांच्या नावाचीच धास्ती असते.

---

प्रेषक: सायबर मदत गट
विषय: उत्तर: आणि पैसे गेलेच तर?

आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर भारतातला आहे, परदेशातून तो लागेल असं धरून बसू नका. आई-बाबांनी किंवा शेजाऱ्यांनी तिथल्या फोनवरूनच फिरवायचा. खाते क्रमांक, बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तो बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा ॲपमध्ये मिळतो. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार करता येते, पण तिथे भारतीय मोबाइलवर ओटीपी येतो. एपीके बसलं असेल तर तो फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. फोनची फॅक्टरी रीसेट नंतर, पुरावे टिपून झाल्यावर.

घाई कशासाठी, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पण ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यात पैसा एका खात्यातून दहा खात्यांत फुटत जातो. तो मधे कुठेतरी पडून आहे तोवरच गोठवता येतो.

डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीही नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि "तपासणीसाठी" पैसे भरायचं रिझर्व्ह बँकेचं खातंही नाही. बाबांना एवढंच सांगा: समोरचा "कुणाला सांगू नका" म्हणाला, की फोन ठेवायचा आणि शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवायची. तो चोर बँकेत विचारलं तर "मुलासाठी घर घेतोय" असं सांगायलाही शिकवतो. म्हणून शाखेत गेलात की अधिकाऱ्यांची ओळख करून घ्या आणि तुमचा इथला नंबर देऊन ठेवा. मोठी रक्कम काढायला बाबा एकटेच आले तर एक फोन करा, अशी विनंती करा.

"तुमचा मुलगा तिकडे अपघातात सापडलाय" म्हणून मुलाच्याच आवाजातही फोन येऊ शकतो, आवाजाची नक्कल आता सहज होते. त्यासाठी घरातला एक प्रश्न ठरवा. तलावपाळी, कौपिनेश्वर, गडकरी रंगायतन असलं काही नको, ठाण्यातला कुणीही सांगेल. जुन्या घरी पाणी किती वाजता यायचं, असलं काहीतरी विचारा. प्रश्न फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ठरवू नका, समोरासमोर ठरवा.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने पेन्शनरांना फोन येतात. त्याबद्दल जाण्याआधीच, आत्ताच सांगून ठेवा.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावा: १९३०, दोन्ही बँकांचे नंबर कार्डामागून उतरवलेले, तुमचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर. पासबुकं कुठल्या कप्प्यात आहेत तेही लिहा. पिन आणि पासवर्ड मात्र त्या कागदावर येऊ देऊ नका.