काडतुसातली दारू ठासणीच्या बंदुकीत नकोच
कुडाळच्या एका दादांनी विचारलंय, ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीसाठी काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) मिळत नाही, तर काडतूस फोडून त्यातली निम्मीच भरली तर चालेल का? नाही हो, पावही नको. काळी दारू मापाने मोजतात, थोडं इकडेतिकडे खपून जातं. काडतुसातली धूरविरहित दारू वजनावर तोलायची. तेवढ्याच मापात तिची ताकद कैक पट, शिवाय दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. आजोबांच्या काळातल्या नळ्या तो दाब सोसायला बनवलेल्याच नाहीत. फुटली तर तोंड आणि डावा हात तिथेच असतो.

शिशाची गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर काळ्या दारूनेही नळी फुगते. गोळी ज्याने आत ठासता त्या गजावर खूण करून ठेवा. गोळी पूर्ण बसली की खूण नळीच्या तोंडाशी येते.

बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, वाळवा, मग तेल. नुसत्या तेलाने भागत नाही, आतली काजळी ओल ओढते आणि आपली कोकणची खारी हवा तर टपूनच असते.

बाकी माकडं हाकायला नुसता आवाज पुरतो, गोळी कशाला? आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.